कॅलिफोर्नियातली सरकारी शाळा: डिस्ट्रिक्टला कायद्याने द्यावे लागणारे अहवाल कसे वाचायचे आणि कधी बोलायचं

कॅलिफोर्नियात मुलं सरकारी शाळेत घालणारी आपली बरीच कुटुंबं शाळेची माहिती दोनच ठिकाणांहून घेतात. एक म्हणजे घरांच्या साइटवर दिसणारं दहापैकीचं रेटिंग आणि दुसरा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. खरं तर यापेक्षा कितीतरी भरवशाची माहिती प्रत्येक स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे ठरावीक भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेला, राज्याच्या कायद्यानुसार दरवर्षी जाहीर करावीच लागते. पुस्तकं पुरेशी आहेत का, किती वर्गांवर त्या विषयाचा परवाना असलेला शिक्षक नाही, छप्पर गळतंय का, पुढची दोन वर्षं पगाराला पैसे पुरतील का, हे सगळं त्यात असतं. तेही फुकट.

यातल्या बहुतेक कागदांना तारीख आहे, आणि महत्त्वाच्या निर्णयांआधी लोकांना कागद दिसावा अशी कायद्याची रचना आहे. आपण बहुधा निर्णय झाल्यावर जागे होतो. ग्रंथपालाची जागा गेली, संगीताचा तास बंद झाला की मग डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाच्या मीटिंगला गर्दी होते. तोवर बजेट मंजूर झालेलं असतं. म्हणून या लेखात अहवाल कसा वाचायचा याबरोबरच तो कधी येतो यावरही भर दिला आहे.

आधी डिस्ट्रिक्ट नक्की करा

हे वाटतं तितकं सोपं नाही. फ्रीमाँट शहरात फ्रीमाँट युनिफाइड आहे, पण फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट मात्र सनीवेल आणि कुपरटिनोच्या बाजूला. कुपरटिनोत राहणाऱ्या मुलाची आठवीपर्यंतची शाळा बहुतेक कुपरटिनो युनियनकडे असते आणि हायस्कूल फ्रीमाँट युनियनकडे. म्हणजे दोन डिस्ट्रिक्ट, दोन बोर्डं, दोन बजेटं. सॅन होझेत तर एकाच शहरात अनेक डिस्ट्रिक्ट आहेत आणि रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे असू शकतात. नावात ‘युनिफाइड’ असेल तर बालवाडीपासून बारावीपर्यंत एकच कारभार. नसेल तर मुलाच्या वयानुसार कोणाचा अहवाल वाचायचा ते ठरवावं लागतं. चार्टर शाळा, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणारी शाळा असेल, तर तिचे सार्क आणि एलकॅप हे अहवाल (दोन्ही पुढे सांगितले आहेत) स्वतंत्र असतात.

डिस्ट्रिक्टच्या वर असतं काउंटी ऑफिस ऑफ एज्युकेशन. डिस्ट्रिक्टचं बजेट आणि योजना तिथे तपासली जाते. काउंटीचं नाव लिहून ठेवा, पुढे लागेल.

सार्क: १ फेब्रुवारीचा अहवाल

नोव्हेंबर १९८८ मध्ये मतदारांनी प्रपोझिशन ९८ मंजूर केलं. शाळांना किमान किती निधी मिळावा हे त्याने ठरलं आणि त्याबरोबरच प्रत्येक सरकारी शाळेवर दरवर्षी स्कूल अकाउंटेबिलिटी रिपोर्ट कार्ड काढण्याची सक्ती आली. सगळे त्याला सार्क म्हणतात. तो दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत जाहीर व्हावा लागतो. शाळेच्या वेबसाइटवर असतो, आणि छापील प्रत मागितली तर द्यावी लागते.

पहिल्यांदाच वाचत असाल तर परीक्षांच्या गुणांनी सुरुवात करू नका, ते कुठेही सापडतात. मी सांगेन ते तीन तक्ते आधी उघडा.

पहिला शिक्षकांचा. किती शिक्षक पूर्ण परवानाधारक आहेत, किती जण स्वतःच्या परवान्याबाहेरचा विषय शिकवतात आणि किती जागा रिकाम्या आहेत. हायस्कूलला गणित, विज्ञान आणि स्पेशल एज्युकेशनकडे खास बघा. चांगलं रेटिंग असलेल्या शाळेतही इथे भोक निघू शकतं.

दुसरा पाठ्यपुस्तकांचा. विषयवार कोणतं पुस्तक, ते कोणत्या वर्षी स्वीकारलं आणि स्वतःची प्रत नसलेल्या मुलांची टक्केवारी किती. शेवटच्या रकान्यात शून्य असायला हवं.

तिसरा इमारतीचा. राज्याच्या ठरलेल्या फॉर्मवर आठ विभाग तपासले जातात. गॅस, हीटिंग-कूलिंग व सांडपाणी, आतल्या भिंती आणि छत, स्वच्छता व कीटक, वीज, स्वच्छतागृहं व पाण्याचे नळ, आग आणि घातक पदार्थ, बांधकाम व छप्पर, बाहेरची बाजू, म्हणजे मैदान, दारं, कुंपण. प्रत्येकापुढे चांगलं, मध्यम किंवा वाईट असा शेरा आणि बाजूला दुरुस्तीची नोंद असते. ती नोंद वाचाच. ‘वर्क ऑर्डर दिली आहे’ हेच वाक्य पुढच्या वर्षीच्या सार्कमध्येही जसंच्या तसं दिसलं, तर तुम्हाला विचारायला नेमका प्रश्न मिळाला.

सार्कमधले आकडे ताजे नसतात. फेब्रुवारीत येणाऱ्या अहवालात परीक्षांचे निकाल आदल्या शैक्षणिक वर्षाचे, आणि दर विद्यार्थ्यामागचा खर्च व शिक्षकांचा सरासरी पगार त्याहून एक वर्ष जुना. तेव्हा एका सार्कवरून मत बनवू नका. सलग तीन वर्षांचे काढून शेजारी ठेवा.

भाषेचाही नियम आहे. एखाद्या शाळेत १५ टक्के किंवा जास्त मुलांची घरची भाषा इंग्रजीखेरीज दुसरी एकच असेल, तर पालकांना पाठवायच्या सूचना आणि अहवाल त्या भाषेतही द्यावे लागतात. मराठी तिथवर पोचणं कठीण आहे. पण प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेच्या फॉर्मवर खरं ते लिहावं, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. मुलाला इंग्रजीची चाचणी द्यावी लागेल या भीतीने बरेच जण ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मग राज्याच्या आकड्यांत मराठी बोलणारी घरं जितकी आहेत तितकी दिसतच नाहीत.

डॅशबोर्डचे रंग आणि भारतवारी

२०१७ पासून राज्य शासन कॅलिफोर्निया स्कूल डॅशबोर्ड चालवतं. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा; निळा सर्वांत वरचा. रंग दोन गोष्टींवरून ठरतो: यंदाची पातळी आणि गेल्या वर्षाच्या तुलनेत झालेला बदल. त्यामुळे बऱ्या पातळीवरची शाळा घसरली की रंग उतरतो आणि खालची शाळा सुधारली की रंग चढतो. नुसता रंग पाहून घर घेऊ नये ते यासाठी.

विद्यार्थी-गटांत आपली मुलं ‘एशियन’ या एकाच गटात मोडतात. फिलिपिनो मुलांचा गट वेगळा आहे, भारतीयांचा नाही. एखाद्या भागात या गटाची सरासरी फार वर असते आणि त्याखाली धडपडणारं मूल झाकलं जातं. आपल्या मुलाला मदत हवी असेल तर ‘तुमच्या गटाचे निकाल उत्तम आहेत’ या उत्तरावर गप्प बसू नका.

आता एक आकडा जो थेट आपल्याला लागू पडतो. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहिलेलं मूल ‘क्रॉनिकली अ‍ॅब्सेंट’ म्हणून मोजलं जातं. आजारपणाची कळवलेली रजाही यात धरतात. बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये वर्षाला १८० दिवस शाळा असते, म्हणजे मर्यादा १८ दिवसांची. डिसेंबरच्या सुटीला जोडून पुण्याला तीन आठवडे जास्त राहिलात की १५ दिवस गेले. त्यात मार्चमधला तापाचा आठवडा मिळवा. बालवाडी ते आठवीच्या शाळांना या आकड्याचा रंगही मिळतो.

शिवाय कॅलिफोर्नियात बहुतेक डिस्ट्रिक्टना पैसे पटावर नाही, रोजच्या सरासरी हजेरीवर मिळतात. मूल नाही, पैसे नाहीत. याला अपवाद पालो आल्टोसारख्या डिस्ट्रिक्टचा, जिथे स्थानिक मालमत्ता कराचं उत्पन्नच राज्याच्या सूत्रापेक्षा जास्त आहे. लांब भारतवारी ठरली असेल तर निघण्यापूर्वी शाळेच्या ऑफिसात ‘इंडिपेंडंट स्टडी’बद्दल विचारा. त्याचा लेखी करार होतो, दिलेला अभ्यास वेळेत पूर्ण केला तर हजेरी धरता येते. परत आल्यावर चिठ्ठी देऊन हे जमत नाही.

पुस्तक नाही, स्वच्छतागृह बंद: विल्यम्स तक्रार

सन २००० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एलिएझर विल्यम्स या विद्यार्थ्याच्या नावाने राज्याविरुद्ध खटला दाखल झाला. मुलांना घरी न्यायला पुस्तकं नाहीत, इमारती मोडकळीला आलेल्या, शिक्षक अपुरे, अशा त्यातल्या तक्रारी होत्या. २००४ मध्ये तडजोड झाली आणि त्यातून आलेले कायदे आजही प्रत्येक सरकारी शाळेला बांधून आहेत. सगळ्या अहवाल-कायद्यांत हा मला सर्वांत कामाचा वाटतो, कारण इथे उत्तराला मुदत आहे.

शाळा सुरू झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत बोर्डाला पुस्तकांच्या पुरेपणाबद्दल जाहीर सुनावणी घ्यावी लागते. दहा दिवस आधी, निदान तीन सार्वजनिक ठिकाणी नोटीस लावावी लागते. ही सुनावणी शाळेच्या वेळेत किंवा शाळा सुटल्या सुटल्या घेता येत नाही, पालक आणि शिक्षकांना येता यावं म्हणून. प्रत्येक मुलाकडे वर्गात वापरायला आणि घरी न्यायला पुस्तक असायला हवं. तुटवड्यामुळे पानांच्या झेरॉक्स वाटल्या तर ते पुरेसं धरलं जात नाही. ही सुनावणी बहुतेक ठिकाणी दोन मिनिटांत आटोपते, कारण समोर कोणी नसतं.

वर्षात केव्हाही विल्यम्स तक्रार करता येते. तिची नोटीस प्रत्येक वर्गात लावलेली असायला हवी. पुढच्या वेळी वर्गात गेलात की भिंतीवर नजर टाका. तक्रार तीन बाबतींत चालते: पुस्तकं व साहित्य, मुलांच्या किंवा कर्मचाऱ्यांच्या जिवाला धोका होईल अशी इमारतीची तातडीची अवस्था आणि अस्वच्छ, बंद किंवा मोडकी स्वच्छतागृहं, शिक्षकाची रिकामी जागा किंवा चुकीची नेमणूक. नाव न देताही तक्रार करता येते, आणि छापील फॉर्मच हवा असंही नाही.

मजकूर असा ठेवा: शाळेचं नाव, खोली क्रमांक, विषय, तारीख, काय नाही आणि किती मुलांना नाही. ‘सातवीच्या विज्ञानाच्या वर्गात, खोली १४, बत्तीस मुलांना अठरा पुस्तकं, १० सप्टेंबरपासून एकाही मुलाला पुस्तक घरी दिलेलं नाही.’ एवढं पुरे. ‘शाळेचं लक्ष नाही’ वगैरे काही लिहू नका. तक्रार खरी असेल तर कामाच्या ३० दिवसांत दुरुस्ती करावी लागते आणि तुम्ही नाव देऊन उत्तर मागितलं असेल तर ४५ कामाच्या दिवसांत ते द्यावं लागतं. शिवाय दर तिमाहीला अशा तक्रारींचा गोषवारा बोर्डाच्या मीटिंगमध्ये आणि काउंटीकडे जातो. त्या गोषवाऱ्यात तुमच्या शाळेपुढे शून्य दिसत असेल आणि मुलाकडे पुस्तक नसेल, तर तक्रार तुम्ही करायची आहे.

पैशाचे अहवाल: डिसेंबर आणि मार्च

१९९१ च्या वसंतात रिचमंड युनिफाइडचे पैसे संपले. आजचं वेस्ट कॉन्ट्रा कोस्टा युनिफाइड ते हेच. १ मेपासून, वर्ष संपायला सहा आठवडे असताना, शाळा बंद करण्याचं तिने जाहीर केलं. पालक कोर्टात गेले, कोर्टाने राज्याला शाळा चालू ठेवायला लावल्या आणि १९९२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेही मुलांच्या शिक्षणाची अंतिम जबाबदारी राज्याची असल्याचं मान्य केलं. त्याच १९९१ साली असेंब्ली बिल १२०० आलं. वर्षाच्या मध्येच हिशेब दाखवण्याची सक्ती त्यातून आली.

आता प्रत्येक डिस्ट्रिक्ट वर्षातून दोनदा अंतरिम अहवाल देतो. पहिला ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या हिशेबाचा, डिसेंबरच्या मध्यापर्यंत. दुसरा ३१ जानेवारीपर्यंतचा, मार्चच्या मध्यापर्यंत. प्रत्येकावर बोर्ड तीनपैकी एक शिक्का मारतं. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे हे वर्ष आणि पुढची दोन वर्षं देणी भागतील. ‘क्वालिफाइड’ म्हणजे कदाचित भागणार नाहीत. ‘निगेटिव्ह’ म्हणजे यंदा किंवा पुढच्या वर्षी भागणार नाहीत.

शंभरेक पानांच्या त्या अहवालात एकच पान शोधा: मल्टी-इयर प्रोजेक्शन. त्यात तीन वर्षांचे तीन रकाने असतात. वरून जमा, खाली खर्च, त्याखाली वर्षाची तूट किंवा शिल्लक आणि तळाला राखीव निधीची टक्केवारी. मध्यम आकाराच्या डिस्ट्रिक्टने, म्हणजे हजारापासून तीस हजारांपर्यंत हजेरी असलेल्याने, ३ टक्के राखीव ठेवणं अपेक्षित असतं. शिक्का पॉझिटिव्ह असला तरी तिसऱ्या रकान्यात ही टक्केवारी काठावर आली असेल तर कपात येणार हे धरून चाला. खालच्या टिपांत ‘पुढील वर्षी इतक्या रकमेची बचत अपेक्षित’ असं वाक्य असतं. ती बचत कुठून होणार, हा विचारायचा प्रश्न.

मार्चला महत्त्व आहे ते आणखी एका कारणाने. शिक्षकांना पुढच्या वर्षाच्या नोकरकपातीची प्राथमिक नोटीस १५ मार्चपर्यंत द्यावी लागते. म्हणजे कोणत्या जागा जाणार याची चर्चा फेब्रुवारीच्या आणि मार्चच्या पहिल्या मीटिंगमध्ये होते. ‘संगीताचा तास रद्द करू नका’ म्हणून मे महिन्यात सह्या गोळा करण्यापेक्षा फेब्रुवारीत दहा पालक हजर असणं कितीतरी परिणामकारक.

एलकॅप: तुमचं बोलणं जिथे लिहून घ्यावंच लागतं

२०१३ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या सहीने निधीचं सूत्र बदललं. प्रत्येक मुलामागे मूळ रक्कम. कमी उत्पन्नाच्या घरातली, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर केअरमधली मुलं असतील तर त्यांच्यामागे मूळ रकमेच्या २० टक्के जादा. आणि अशा मुलांचं प्रमाण ५५ टक्क्यांवर असेल तर आणखी. त्या बदल्यात डिस्ट्रिक्टने तीन वर्षांची योजना लिहायची आणि दरवर्षी सुधारायची. हीच लोकल कंट्रोल अँड अकाउंटेबिलिटी प्लॅन, बोलताना एलकॅप. श्रीमंत डिस्ट्रिक्टलाही ती चुकत नाही.

दस्तऐवज शेकडो पानांचा होऊ शकतो. सुरुवातीची ‘बजेट ओव्हरव्ह्यू फॉर पेरेंट्स’ ही थोडक्यातली पानं आधी वाचा. मग ‘एंगेजिंग एज्युकेशनल पार्टनर्स’ हा भाग. कोणाशी कधी चर्चा केली आणि तिच्यामुळे योजनेत काय बदललं हे तिथे लिहावं लागतं. तुम्ही सर्व्हेत काही लिहिलं असेल तर ते कुठे गेलं ते इथे शोधा. नंतर कृतींचा तक्ता. प्रत्येक ओळीत कृतीचं नाव, वर्णन, रक्कम आणि शेवटी ‘कॉन्ट्रिब्यूटिंग: यस’ किंवा ‘नो’. ‘यस’ म्हणजे तो खर्च वर सांगितलेल्या गरजू मुलांसाठीच्या वाढीव सेवेत मोजला आहे. सगळ्याच मुलांना मिळणाऱ्या सेवेपुढे ‘यस’ असेल तर ती गरजू मुलांना विशेष कशी उपयोगी पडते याचं स्पष्टीकरण योजनेत असावं लागतं. ते पटत नसेल तर लिहून विचारा. आपलं मूल या गटात नसलं तरीही विचारा. हा पैसा त्या मुलांच्या नावाने आलेला आहे.

२८ फेब्रुवारीपर्यंत बोर्डापुढे मध्यवार्षिक आढावा येतो. मे-जूनमध्ये मसुद्यावर जाहीर सुनावणी होते, बजेटच्या सुनावणीसोबतच. मंजुरी त्याच दिवशी देता येत नाही. ती नंतरच्या वेगळ्या मीटिंगमध्ये, १ जुलैच्या आत. सुनावणी आणि मंजुरी यांच्यामधले हे दिवस तुमचे. लेखी सूचना घेणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. पालक सल्लागार समितीने दिलेल्या सूचनांना तर सुपरिंटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुख अधिकाऱ्याने, लेखी उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकट्याने बोलण्याइतकंच समितीत जागा मिळवणं मोलाचं. या समितीत बसायला पालक असणं पुरतं, नागरिकत्व लागत नाही.

मंजूर योजना पाच दिवसांत काउंटीकडे जाते. काउंटी साचा, खर्चाचे नियम आणि बजेटचा मेळ तपासते. योजना चांगली आहे की नाही हे तपासणं तिचं काम नाही. ते काम पालकांखेरीज कोणी करत नाही.

मीटिंगला जाताना

१९५३ च्या ब्राउन अ‍ॅक्टनुसार, म्हणजे सार्वजनिक संस्थांच्या मीटिंगा खुल्या ठेवण्याच्या कायद्यानुसार, नेहमीच्या मीटिंगचा अजेंडा ७२ तास आधी आणि विशेष मीटिंगचा २४ तास आधी लावावा लागतो. अजेंड्यातल्या ‘कन्सेंट’ विभागावर नजर ठेवा, तिथले विषय चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. बोलायला प्रत्येकी साधारण तीन मिनिटं मिळतात, गर्दी असेल तर कमी. नागरिक असण्याची अट नाही, हजर राहायला नाव नोंदवण्याची सक्ती करता येत नाही. एच-वन किंवा एच-फोर व्हिसावर असलेल्या पालकांनी बिचकू नये.

बोलताना अहवालातलं पान, आकडा आणि एकच मागणी ठेवा. ‘सार्कच्या अमुक पानावर दोन वर्षं स्वच्छतागृहांचा शेरा वाईट आहे. दुरुस्तीची तारीख आज मिनिट्समध्ये नोंदवावी.’ पाच पालकांनी पाच वेगळे विषय काढण्यापेक्षा हाच मुद्दा पाच जणांनी मांडावा.

जाहीर व्हायला हवं ते जाहीर झालं नाही तर

आधी शाळेच्या ऑफिसला ईमेल करा. बऱ्याचदा लिंक तुटलेली असते, इतकंच. उत्तर नाही आलं तर पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्टखाली डिस्ट्रिक्टकडे मागणी करा. आपल्याकडच्या माहितीच्या अधिकारासारखाच हा कायदा, पण इथे अर्जाची फी नाही, कारण सांगावं लागत नाही आणि नागरिकत्वही लागत नाही. दहा दिवसांत कळवावं लागतं, फार तर आणखी चौदा दिवस वाढवून घेता येतात. कागद नेमका मागा: ‘अमुक वर्षाचा दुसरा अंतरिम अहवाल’, ‘अमुक तारखेचा पुस्तकांच्या पुरेपणाचा ठराव’.

एलकॅपचे नियमच पाळले नसतील, जसं की सुनावणी आणि मंजुरी एकाच दिवशी उरकली, तर ‘युनिफॉर्म कम्प्लेंट प्रोसीजर’खाली डिस्ट्रिक्टकडे लेखी तक्रार करता येते. पुरावा किंवा पुराव्याकडे नेणारी माहिती दिली तर इथेही नाव न देता चालतं. निर्णयाला ६० दिवसांची मुदत आहे. तो पटला नाही तर ३० दिवसांत राज्याच्या शिक्षण विभागाकडे अपील करता येतं, आणि त्यासोबत मूळ तक्रारीची व डिस्ट्रिक्टच्या निर्णयाची प्रत जोडावी लागते.